पहिल्या धड्यापासून गोपनीयता

संगणकाची तोंडओळख करून देणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांचा क्रम ठरलेला असतो. आधी कीबोर्ड, माउस, मॉनिटर आणि प्रिंटर यांची नावे, मग फाइल आणि फोल्डर, पुढे मजकूर टाइप करणे आणि आकडेमोडीचे तक्ते, त्यानंतर इंटरनेट आणि ई-मेल, आणि अगदी शेवटी, वेळ उरलाच तर, ‘सुरक्षितता व गोपनीयता’ नावाचे एक छोटे प्रकरण, ज्यात काय करू नये याची यादी असते. नवशिक्यांना संगणक शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि हा क्रम मला उत्तरोत्तर अधिक चुकीचा वाटू लागला आहे. ते शेवटचे प्रकरण येईपर्यंत विद्यार्थ्याने ठिकठिकाणी खाती उघडलेली असतात, सगळीकडे एकच पासवर्ड दिलेला असतो आणि परवानगी मागणाऱ्या प्रत्येक चौकटीला ‘होय’ म्हणण्याची सवय बोटांना जडलेली असते. त्यानंतर मिळालेली निषेधांची यादी तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो.

म्हणून माझ्या पाठांत गोपनीयतेचे वेगळे प्रकरण ठेवलेले नाही. विषय कोणताही असो, प्रत्येक पाठात तेच तीन प्रश्न विचारले जातात: ही माहिती या क्षणी कुठे आहे, ती कोणाकोणाला वाचता येते, आणि ती तिथून कधी जाणार आहे. या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर संगणक, सॉफ्टवेअर आणि इंटरनेट यांचे काम कसे चालते हे समजून घ्यावेच लागते. त्यामुळे तांत्रिक भाग मागे पडत नाही. उलट तो कशासाठी शिकायचा याचे कारण विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी लागते.

पहिला पाठ फाइलचा. विद्यार्थ्याने चार ओळी लिहिल्या. त्या ‘सेव्ह’ करण्यापूर्वी तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतात आणि वीज गेली की नाहीशा होतात, ‘सेव्ह’ केल्यावर डिस्कवर जातात आणि यंत्र बंद असतानाही टिकतात, हे पूर्वी एवढ्यावर संपत असे. आता संपत नाही. आजचे अनेक प्रोग्राम फाइल आपोआप दूरच्या सर्व्हरवर ठेवतात आणि या यंत्रावर तिची एक प्रत ठेवतात किंवा ठेवतही नाहीत, आणि पडद्यावर मात्र दोन्ही फाइल अगदी सारख्या दिसतात. फरक कळावा म्हणून मी एक साधा प्रयोग करायला सांगतो: इंटरनेटची जोडणी बंद करा आणि आपल्या फाइल एकेक करून उघडून पाहा. जी उघडत नाही ती तुमच्या यंत्रावर नाही. जी उघडते ती इथे आहे, पण ती फक्त इथेच आहे असे मात्र यावरून सिद्ध होत नाही, कारण तिची दुसरी प्रत सर्व्हरवर असू शकते. या प्रयोगानंतर ‘क्लाउड’ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचा संगणक आहे, तिथे आपली वस्तू आहे, आणि तिथले नियम मालकाचे आहेत. क्लाउड वापरू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. यंत्र चोरीला गेले किंवा डिस्क बिघडली तर तीच प्रत उपयोगी पडते. फक्त ती तिथे आहे हे माहीत असले पाहिजे.

फाइलच्या पाठातच मी छायाचित्राची फाइल घेतो. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राच्या फाइलमध्ये चित्राखेरीज इतर माहितीही असते: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल, आणि कॅमेऱ्याला ठिकाण वापरण्याची परवानगी दिलेली असेल तर जिथे चित्र काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांश. फाइलच्या गुणधर्मांची चौकट उघडली की हे सगळे वाचता येते. काही समाजमाध्यमे चित्र प्रसिद्ध करताना ही माहिती काढून टाकतात. पण तीच फाइल ई-मेलला जोडून पाठवली तर ती सहसा जशीच्या तशी जाते. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा फाइलमध्ये अधिक काही असू शकते, ही समज येण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

सॉफ्टवेअरच्या पाठात व्याख्या थोडक्यात आटोपता येते. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना. ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राची साधने सांभाळते आणि ॲप तिच्याकडे त्या साधनांची मागणी करते. महत्त्वाचा शब्द इथे ‘मागणी’ हा आहे. कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण, संपर्कयादी यांपैकी काहीही ॲपला हवे असेल तर ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळवावे लागते, आणि द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे असतो. अँड्रॉइडवर पूर्वी सगळ्या परवानग्या ॲप बसवतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत आणि नाही म्हणायचे तर ॲपच सोडून द्यावे लागे. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून एकेक परवानगी गरज पडेल तेव्हा विचारली जाऊ लागली आणि ती नंतर काढून घेण्याची सोय झाली. ही सोय असूनही बहुतेकांनी परवानग्यांचे पान कधी उघडलेले नसते. वर्गात मी ते उघडायला लावतो आणि प्रत्येक ओळीसाठी एकच कसोटी सांगतो: हे ॲप जे काम करते असे सांगते, त्या कामासाठी ही वस्तू लागते का? नकाशाला ठिकाण लागते. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशासाठी लागावी, याचे समाधानकारक उत्तर कोणालाही देता येत नाही.

संपर्कयादीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही. त्या यादीतील नावे आणि क्रमांक आपले नसतात, इतरांचे असतात. ती यादी एखाद्या ॲपला देताना आपण त्या सर्वांच्या वतीने होकार देत असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. गोपनीयता ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे मानणाऱ्याने याचा विचार करून पाहावा.

सॉफ्टवेअर आपल्या नजरेआड काय करते हे कसे ओळखायचे, असा प्रश्न इथे हमखास येतो. मूळ कोड, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेल्या सूचना, सर्वांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते निदान कोणाला तरी वाचून पाहता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला जीएनयू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स यांच्यामुळे ही पद्धत रुजली. परंतु वाचता येणे आणि प्रत्यक्ष कोणी वाचलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या खुल्या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर लपवलेला चोरदरवाजा मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला, तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे खटकले म्हणून. कोड खुला होता म्हणूनच ते कारणापर्यंत पोहोचू शकले हे खरे, आणि खुला असूनही तो दरवाजा आत शिरला हेही तितकेच खरे. नवशिक्याला यातून घ्यायचे ते एवढेच की ‘मोफत’ आणि ‘खुले’ हे एक नव्हे आणि ‘खुले’ आणि ‘निर्दोष’ हेही एक नव्हे.

अद्ययावत करण्याची सूचना आली की ‘नंतर’ हे बटण दाबले जाते. या सवयीवर मी फार बोलत नाही, फक्त दोन तारखा फळ्यावर लिहितो. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध करून दिली. त्याच त्रुटीतून शिरणारे, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे वॉनाक्राय नावाचे घातक सॉफ्टवेअर १२ मे २०१७ रोजी जगभर पसरले. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ‘नंतर’ म्हटले त्यांच्यापैकी अनेकांच्या फाइल गेल्या.

इंटरनेटच्या पाठाला मी सर्वांत अधिक वेळ देतो, कारण ‘कोणाला वाचता येते’ हा प्रश्न इथे खरा गुंतागुंतीचा होतो. ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप केले की आधी त्या नावाचा अंकी पत्ता शोधला जातो. हे काम १९८३ पासून चालत आलेली डीएनएस ही नामव्यवस्था करते. मग आपली विनंती लहान लहान तुकड्यांत विभागली जाऊन घरातला किंवा कार्यालयातला राउटर, इंटरनेट सेवा देणारी कंपनी आणि मधली अनेक यंत्रे यांतून पुढे सरकत त्या सर्व्हरपर्यंत पोहोचते. प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला आणि कुठे जायचा हे लिहिलेले असावेच लागते, नाहीतर तो पोहोचणार नाही. ही बाब विद्यार्थ्यांना नीट समजली की पुढचे बरेचसे आपोआप सुटते: मजकूर लपवता येतो, पण प्रवास पूर्णपणे लपवणे कठीण असते.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर कूटबद्ध होतो. मधल्या यंत्रांना पासवर्ड, भरलेला अर्ज किंवा वाचलेले पान दिसत नाही. आपण कोणत्या संकेतस्थळाशी बोलत आहोत हे मात्र सेवा देणाऱ्या कंपनीला बहुधा कळते. पूर्वी पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दाखवले जाई आणि ‘कुलूप असेल तर विश्वास ठेवा’ असे सर्रास शिकवले जाई. हा सल्ला आता टाकून द्यायला हवा. वाटेत कोणी ऐकत नाही एवढीच त्या कुलपाची ग्वाही असते, पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे अशी नव्हे. फसवी संकेतस्थळेही हे प्रमाणपत्र सहज मिळवतात, आणि याच गैरसमजामुळे क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते कुलूप काढून त्या जागी साधे चिन्ह ठेवले. फसवे संकेतस्थळ ओळखायचे ते पत्त्यातील नाव अक्षर-अक्षर वाचून, आणि त्याहून बरे म्हणजे ई-मेल किंवा संदेशातून आलेल्या दुव्यावरून न जाता पत्ता स्वतः टाइप करून.

कूटबद्ध मजकूर कुठपर्यंत कूटबद्ध राहतो, हा त्यापुढचा प्रश्न. नेहमीच्या ई-मेल सेवेत आपले पत्र वाटेत सुरक्षित असले तरी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ते तिला वाचता येण्याजोगे असते. ‘एंड-टू-एंड’ पद्धतीत मजकूर उलगडण्याच्या किल्ल्या फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या उपकरणावर असतात, त्यामुळे मधल्या सर्व्हरलाही मजकूर उलगडत नाही. व्हॉट्सॲपने ही पद्धत आपल्या सर्व वापरकर्त्यांसाठी २०१६ मध्ये लागू केली. मात्र कोण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोलते, ही माहिती त्या किल्ल्यांच्या कक्षेत येत नाही. समोरच्याने पडद्याचे चित्र काढून पुढे पाठवले तर त्यावर तर कोणत्याच गणिताचा उपाय नाही.

कुकीविषयी दोन टोकांच्या कल्पना घेऊन विद्यार्थी येतात. काहींना तो विषाणू वाटतो, तर काहींना ती निरर्थक चौकट वाटते. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवायला दिलेली छोटीशी नोंद असते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ती योजली, कारण वेबला मागचे काही आठवत नसे: एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर हरवत असे. त्या नोंदीवाचून लॉगिन टिकणार नाही. अडचण सुरू होते ती एकाच पानात अनेक कंपन्यांचे तुकडे बसवलेले असतात तेव्हा. बातमीच्या पानावर जाहिरातीची चौकट असेल तर ती जाहिरात कंपनीही आपली कुकी ठेवू शकते, आणि तिची चौकट दहा निरनिराळ्या संकेतस्थळांवर असेल तर तो एकच वाचक दहा ठिकाणी कुठे कुठे फिरला हे तिला जोडून पाहता येते. अशा त्रयस्थ कुकी सफारी ब्राउझर २०२० पासून मुळातच अडवतो, फायरफॉक्स त्यांना संकेतस्थळागणिक वेगळे कोंडून ठेवतो. तरी माग काढण्याचे मार्ग संपत नाहीत. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषा, वेळविभाग अशा साध्या तपशिलांच्या जुळणीवरूनही ब्राउझर ओळखता येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक एकमेवाद्वितीय निघाले होते.

ब्राउझरची खासगी खिडकी या सगळ्यापासून वाचवते असा समज फार पसरलेला आहे. ती खिडकी बंद झाल्यावर या यंत्रावरचा इतिहास आणि कुकी पुसते, म्हणजे त्याच यंत्रावर नंतर बसणाऱ्यापासून आपला वापर झाकते. सर्व्हर, कार्यालयाचे नेटवर्क आणि सेवा देणारी कंपनी यांच्यापासून ती काही झाकत नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येते. त्यावर वाद घालण्यापेक्षा मी दोन घटना सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या तीन महिन्यांत इंटरनेटवर शोधलेल्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. नावे काढून त्या जागी क्रमांक घातलेले होते. काही दिवसांतच न्यू यॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी केवळ शोधलेल्या शब्दांवरून एका क्रमांकामागची बाई शोधून काढली आणि तिच्या दारात जाऊन उभे राहिले. तिने कुठेही आपले नाव दिले नव्हते. आपल्या गावातील सेवा, आपल्या आडनावाची माणसे, निरनिराळी दुखणी असे ती शोधत गेली आणि त्यांची बेरीज म्हणजे ती स्वतः झाली. दुसरी घटना लतान्या स्वीनी यांच्या संशोधनाची. अमेरिकेतील जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांनी २००० मध्ये दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात हे प्रमाण सुमारे ६३ टक्के आले. तरी निम्म्याहून पुष्कळ अधिकच. या तीन गोष्टी आपण किती अर्जांत, किती सहजपणे भरतो याची यादी मग विद्यार्थी स्वतःच करू लागतात. तारांकित नसलेला रकाना रिकामा सोडता येतो, हे अनेकांना तोपर्यंत सुचलेलेच नसते.

पासवर्डचा पाठ मी मुद्दाम यानंतर ठेवतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीच्या वापरकर्त्यांचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले, आणि ते तिथे उघड्या मजकुराच्या रूपात ठेवलेले होते. त्यांत सर्वाधिक वेळा आढळला तो ‘१२३४५६’. पण धडा केवळ सोप्या पासवर्डाचा नाही. ज्याने अतिशय अवघड पासवर्ड निवडला त्याचाही तो उघडा पडलाच, आणि तोच त्याने ई-मेललाही दिला असेल तर चोराच्या हाती दोन्ही दारे आली. संकेतस्थळ आपला पासवर्ड कसा साठवते हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, तो लांब, आणि इतके सगळे लक्षात राहणे अशक्य असल्यामुळे ते सांभाळणारे पासवर्ड मॅनेजर, असा क्रम लागतो. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याची जुनी पद्धत मात्र मी शिकवत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, गळतीचा पुरावा नसताना सक्तीने बदल करवू नयेत असे सांगितले आहे; सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. ई-मेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज आणखी एक खूण मागण्याची सोय, सर्वांत आधी लावावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच ई-मेलवरून बदलता येतात. आणि पडताळणीचा जो आकडा फोनवर येतो तो मागणारा कोणीही असो, बँकेचा असल्याचे सांगो की पोलिसांतला असल्याचे, त्याला तो सांगायचा नसतो.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे माहिती कधी जाणार याला, बहुतेक अभ्यासक्रम हातच लावत नाहीत. फाइल ‘डिलीट’ केली की ती आधी कचरापेटीत जाते, आणि कचरापेटी रिकामी केली तरी पुष्कळदा डिस्कवरील नोंद तेवढी पुसली जाते; त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर विशेष साधनांनी परत मिळू शकतो. आजच्या फोनमध्ये साठवण मुळातच कूटबद्ध असल्याने, फोन दुसऱ्याला देण्यापूर्वी त्यातील खाती काढून ‘फॅक्टरी रीसेट’ केले, म्हणजे फोन मूळ कोऱ्या स्थितीत आणला, की किल्लीच नष्ट होते आणि उरलेला मजकूर निरुपयोगी ठरतो. जुन्या संगणकाच्या डिस्कबद्दल अशी खात्री धरता येत नाही. ती कूटबद्ध केलेली नसेल तर पूर्ण पुसून घ्यावी लागते.

सर्व्हरवरच्या माहितीचे गणित निराळे आहे. ॲप फोनमधून काढून टाकल्याने खाते बंद होत नाही. सर्व्हरवर ते होते तसेच राहते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने, काही अपवाद ठेवून, आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आणि त्यानंतर अनेक मोठ्या सेवांनी खाते हटवण्याची सोय सेटिंग्जमध्ये ठेवली आहे. ती सहसा दोन-तीन पाने आत असते. विद्यार्थ्यांना मी याचा सराव म्हणून वापरात नसलेले एक खाते निवडायला सांगतो. आधी त्यातून आपल्याला हवी ती माहिती उतरवून घ्यायची, मग दिलेल्या परवानग्या आणि जोडलेली इतर खाती तोडायची, त्यानंतर खाते हटवण्याची विनंती द्यायची, ती मंजूर झाल्याचा ई-मेल येईपर्यंत थांबायचे, आणि ॲप सर्वांत शेवटी काढायचे. कित्येक सेवा विनंतीनंतर काही दिवसांची मुदत ठेवतात आणि त्या मुदतीत एकदा जरी लॉगिन केले तरी खाते पुन्हा चालू करतात, तेव्हा ‘गेले का ते पाहू’ म्हणून आत डोकावायचे नाही.